समन्स हातात पडल्यावर: दाव्याला विरोध करण्याचे शब्द आणि ते कुठे वापरायचे

बेलिफ दारात येतो, इंग्रजीतला कागदांचा गठ्ठा देतो आणि सही मागतो. तो गेल्यावर घरात पहिले वाक्य बहुधा हेच निघते, "आपण विरोध करायचा." विरोध करायचा हे ठीक, पण दिवाणी कोर्टात नुसता 'विरोध' नावाचा कागद नसतो. कॅव्हेट, जबाब, कैफियत, प्राथमिक आक्षेप, वादपत्र नामंजुरीचा अर्ज, प्रतिदावा आणि अपील ही सगळी विरोधाचीच रूपे आहेत. प्रत्येकाची वेळ वेगळी आणि परिणामही वेगळा. एकाच्या जागी दुसरे वापरले तर कागद दाखल होतो, पण उपयोग होत नाही.

मसुदा वकीलच करतील. पण कैफियतीखाली, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराखाली, सही आणि सत्यापन तुमचे असते आणि पुढे उलटतपासणीत त्यातल्या प्रत्येक वाक्याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. गोव्यातल्या दिवाणी कोर्टांचे काम इंग्रजीतून चालते. म्हणून इथे मराठी शब्दाबरोबर कोर्टात कानावर पडणारा शब्दही दिला आहे.

आलेला कागद नेमका कोणता?

दारात येणारे कागद चार प्रकारचे असतात आणि चारही 'कोर्टाची नोटीस' या एकाच नावाने घरात फिरतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

वकिलाच्या लेटरहेडवर आलेली नोटीस म्हणजे दावा नव्हे. तिला उत्तर दिले नाही म्हणून कोणी हरत नाही. मात्र खोडून काढण्यासारखे काही असेल तर त्याच वेळी कळवलेले बरे. नाहीतर पुढे "तेव्हा गप्प का होता?" हा प्रश्न येतोच. चेक न वटल्याची नोटीस असेल तर गोष्ट निराळी. तिथे नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम दिली नाही तर फौजदारी तक्रारीची वाट मोकळी होते.

समन्स म्हणजे दावा दाखल झाला आहे. त्यावर कोर्टाचे नाव, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते. कनिष्ठ विभागाच्या कोर्टातला दावा 'रेग्युलर सिव्हिल सूट' आणि वरिष्ठ विभागाच्या कोर्टातला 'स्पेशल सिव्हिल सूट' या नावाने येतो. दावा घालणारा वादी, म्हणजे प्लेंटिफ. तुम्ही प्रतिवादी, म्हणजे डिफेंडंट. वादीची बाजू ज्या कागदात मांडलेली असते ते वादपत्र. कोर्टात त्याला 'प्लेंट' म्हणतात.

तिसरा कागद अंतरिम अर्जाची नोटीस. तो बहुतेकदा समन्सलाच टाचलेला असतो, म्हणून नजरेतून सुटतो. वादीने दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज केला असेल तर त्याची सुनावणी वेगळी होते आणि आधी होते. "कैफियतीला महिना आहे ना" म्हणून निवांत राहिलेल्या माणसावर पहिल्या पंधरवड्यातच मनाई हुकूम निघतो तो यामुळे. गठ्ठ्यातले प्रत्येक पान उलटून पाहा. तारखा दोन आहेत का, ते शोधा.

चौथा कागद मामलेदार, ग्राहक आयोग किंवा दुसऱ्या एखाद्या प्राधिकरणाचा. त्यांचे नियम वेगळे आहेत. ग्राहक आयोगात लेखी उत्तराला 30 दिवस मिळतात आणि फार तर आणखी 15. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ही 45 दिवसांची हद्द पक्की केली आहे. एक दिवसही उशीर चालत नाही.

समन्स घेताना

घ्या. "आम्ही सही करणार नाही" म्हटल्याने समन्स परत जात नाही. नकार दिला तर बेलिफ दारावर प्रत चिकटवतो, साक्षीदारांची नावे लिहून अहवाल देतो आणि बजावणी झाली असे कोर्ट धरू शकते. तुम्ही घरी नसाल आणि लवकर येण्याची शक्यता नसेल, तर तुमच्याबरोबर राहणाऱ्या घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीने, मग ती बाई असो वा पुरुष, घेतलेले समन्स तुम्हालाच मिळाले असे धरले जाते. घरकामाच्या माणसाने घेतलेले तसे धरत नाहीत. आखातात किंवा पोर्तुगालला असलेल्या मुलाच्या नावाचे समन्स घरातल्यांनी घेऊन कपाटात ठेवले आणि त्याला कळवलेच नाही, असे गोव्यात वारंवार घडते. त्यातून एकतर्फी हुकूमनामे, म्हणजे दाव्याचे अंतिम निकाल, निघतात.

सही करताना खाली तारीख घाला. समन्सबरोबर वादपत्राची प्रत असायलाच हवी. नसेल तर बेलिफच्या प्रतीवरच लिहा: "वादपत्राची प्रत मिळाली नाही." ही एक ओळ पुढे मुदत मोजताना कामाला येते.

आता प्रतिवादींची यादी पाहा. गोव्यात बहुतेक विवाहांत संपत्ती पती-पत्नीची समाईक असते, म्हणून स्थावराच्या दाव्यात दोघांनाही प्रतिवादी करतात. तुमच्या पत्नीचे नाव प्रतिवादी क्रमांक 2 म्हणून असेल, तर तुमचे वकीलपत्र तिला पुरत नाही. तिची सही त्याच वकीलपत्रावर घ्या किंवा वेगळे करा. कैफियतही दोघांच्या नावे हवी. नाहीतर तुम्ही लढत राहता आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, तिच्यापुरता दावा एकतर्फी चालल्याची नोंद होते.

परदेशातल्या माणसासाठी मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, चालते. ते परदेशात झाले असेल तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. मुखत्यार सही करू शकतो, हजर राहू शकतो. पण मालकाला स्वतःलाच ठाऊक असलेल्या गोष्टींची साक्ष तो त्याच्या जागी देऊ शकत नाही. साक्षीच्या वेळी मूळ माणूस लागणार, हे त्याला आजच सांगून ठेवा.

दिवस मोजा

समन्स 12 जूनला मिळाले असेल तर कैफियत 12 जुलैपर्यंत दाखल व्हायला हवी. ही 30 दिवसांची मुदत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 मध्ये आहे. त्यानंतर कारणे देऊन, परवानगी मागून 90 व्या दिवसापर्यंत, म्हणजे या उदाहरणात 10 सप्टेंबरपर्यंत जाता येते. साध्या दाव्यात अगदी अपवादात्मक कारणासाठी कोर्ट त्याहून पुढेही मुभा देते, पण त्यासाठी खर्चाची रक्कम बसते आणि कारणही भक्कम लागते. मुदत संपते त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केले तरी चालते.

दावा व्यापारी, म्हणजे 'कमर्शियल सूट' असेल तर 120 वा दिवस ही शेवटची भिंत. त्यापुढे कैफियतीचा हक्कच जातो. किमान तीन लाखांचा व्यापारी वाद या वर्गात येतो. म्हणून दाव्याच्या शीर्षकात 'कमर्शियल' शब्द आहे का, ते पाहा.

लेखी करारावरची, वचनचिठ्ठीवरची किंवा चेकवरची वसुली आदेश 37 खाली आली असेल तर तो 'समरी सूट'. इथे समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत फक्त हजेरी लावून आपला पत्ता द्यायचा असतो. मग वादी 'समन्स फॉर जजमेंट' बजावतो. त्यानंतरच्या 10 दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची, तिला 'लीव्ह टू डिफेंड' म्हणतात. परवानगी न मागता थेट कैफियत ठोकली तर ती वाचलीच जात नाही. सवयीने होणारी ही चूक फार महागात पडते.

समन्सवर किंवा ऑनलाइन नोंदीत सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' अॅपमध्ये घातला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. वकिलावर विश्वास असला तरी आठवड्यातून एकदा बघत जा.

मनाईच्या अर्जाला जबाब

तात्पुरता मनाई हुकूम म्हणजे 'टेम्पररी इंजंक्शन'. तो देताना कोर्ट तीन गोष्टी तपासते: वादीची बाजू वरवर पाहता उभी राहते का, हुकूम दिल्याने कोणाची गैरसोय जास्त होईल आणि न दिल्यास पैशाने भरून न येणारे नुकसान होईल का. तुमच्या जबाबात, म्हणजे 'रिप्लाय'मध्ये, या तिन्हींवर वेगवेगळे बोलायला हवे. पानेच्या पाने खानदानी इतिहास लिहून शेवटी "अर्ज फेटाळावा" म्हटल्याने तिसरी गोष्ट अनुत्तरित राहते.

जबाबाबरोबर शपथपत्र, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा), सर्वे प्लॅन, खरेदीखत, पंचायतीचा परवाना आणि तारीख दिसणारे फोटो जोडा. शहरी भागात एक-चौदाऐवजी फॉर्म डी असतो. मोबाइलमधले फोटो आणि व्हॉट्सअॅपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. ते फोन हातात असतानाच करून घ्या. फोन विकल्यावर अडचण होते.

तुम्हाला न ऐकताच हुकूम झाला असेल तर तो 'एक्स पार्टे', म्हणजे एकतर्फी. असा हुकूम मिळालेल्या वादीने अर्ज, शपथपत्र, वादपत्र आणि कागदपत्रांच्या प्रती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे पाठवायच्या असतात. पाठवल्या नसतील तर हुकूम उठवण्याच्या अर्जात तो मुद्दा पहिला घ्या. एकतर्फी हुकमानंतर 30 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टानेही करायचा असतो. म्हणून तुमच्या बाजूने तारखा मागत बसू नका.

इथे एक शब्द जपून वापरायचा: 'जैसे थे', म्हणजे 'स्टेटस को'. सुनावणी लांबली की कोर्टात सहज विचारले जाते, "तोपर्यंत जैसे थे ठेवता का?" आणि प्रतिवादी मान डोलावतो. तुमचे घर लिंटेलपर्यंत आले असेल तर 'जैसे थे' म्हणजे पावसाळाभर ते लिंटेललाच. मान्य करायचेच असेल तर आज जागेवर काय आहे ते फोटोंसह नोंदवून घ्या आणि मुदत घालून मान्य करा. कोर्टात दिलेली हमी, 'अंडरटेकिंग', मोडली तर ती नुसती वचनभंगाची गोष्ट राहत नाही. तो कोर्टाचा अवमान ठरू शकतो.

अर्जाचा निकाल विरुद्ध गेला तर त्यावर अपील होते. दिवाणी न्यायाधीशांच्या आदेशावर ते सहसा जिल्हा न्यायालयात, 30 दिवसांत.

कैफियत: नाकारण्याची क्रियापदे

कैफियत म्हणजे 'रिटन स्टेटमेंट'. प्रतिवादीच्या सगळ्या कागदांत हा सर्वांत वजनदार. कैफियतीत नसलेली गोष्ट पुढे साक्षीत सांगितली तरी कोर्ट ती विचारात घेत नाही.

वादपत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमाने उत्तर द्यायचे. उत्तराची क्रियापदे मोजकीच.

'मान्य आहे' म्हणजे वादीने आता ती गोष्ट सिद्ध करायची गरज उरली नाही. सर्वे नंबर, नाते, खरेदीखताची तारीख अशा निर्विवाद गोष्टी सरळ मान्य कराव्यात. स्वतःचा पत्ता आणि वडिलांचे नावसुद्धा नाकारणाऱ्या कैफियती दिसतात. त्याने धाक बसत नाही, उलट प्रतिवादी शपथेवर काहीही लिहितो हे वादीला आयते दाखवता येते.

'नाकारतो' म्हणजे ते खरे नाही. त्याबरोबर खरे काय, तेही सांगायचे.

'मान्य करत नाही, वादीने सिद्ध करावे' हे तुमच्या माहितीबाहेरच्या गोष्टींसाठी. वादीने शेत कोणाकडून विकत घेतले, त्याच्या घरात वाटणी कशी झाली, अशा.

'माहीत नाही' हे मात्र नाकारणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलेले आहे. नुसते "प्रतिवादीस माहीत नाही" लिहिले तर वादीचे म्हणणे मान्य केल्यासारखे धरले जाऊ शकते. बोलण्यात हा शब्द निरुपद्रवी वाटतो, म्हणून तोच जास्त घात करतो.

आता उदाहरण. डिचोलीत शेजाऱ्याने दावा घातला आहे. वादपत्राचा परिच्छेद 6 म्हणतो: "प्रतिवादीने 12 मे रोजी जेसीबी आणून वादीचा 20 मीटर चिऱ्यांचा गडगा पाडला आणि तीन माड तोडले."

पहिले उत्तर: "परिच्छेद 6 मधील मजकूर खोटा, बनावट असून मान्य नाही." हे सरसकट नाकारणे. कायद्याला प्रत्येक गोष्ट वेगवेगळी नाकारलेली हवी असते.

दुसरे उत्तर: "प्रतिवादीने 12 मे रोजी जेसीबी आणून 20 मीटर गडगा पाडला व तीन माड तोडले हे नाकारतो." वाचायला पक्के वाटते, पण यात भोक आहे. 13 मेला पाडला असेल? 15 मीटर पाडला असेल? दोन माड तोडले असतील? वादीचेच वाक्य उलटे करून लिहिले की नकार त्या तपशिलापुरता उरतो. आदेश 8 मध्ये पैशाचे उदाहरण देऊन हेच सांगितले आहे: अमुक रक्कम घेतल्याचा आरोप असेल तर ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही, असे म्हणावे लागते.

तिसरे उत्तर: "प्रतिवादीने 12 मे रोजी किंवा अन्य कोणत्याही दिवशी, जेसीबीने किंवा अन्य साधनाने, सदर गडगा किंवा त्याचा कोणताही भाग पाडला हे नाकारतो. सदर गडगा वादीच्या मालकीचा आहे हे नाकारतो. तिथला एकही माड तोडला हे नाकारतो. वस्तुस्थिती अशी की, सदर गडगा प्रतिवादीच्या भाटाची पश्चिम हद्द असून सर्वे प्लॅनमध्ये तसा दाखवलेला आहे. पावसात त्याचा सुमारे चार मीटर भाग कोसळला होता." ते चार मीटर खरेच कोसळले असतील, तरच शेवटचे वाक्य. तुमची कैफियत शपथपत्राने पक्की होते, हे विसरू नका.

शेवटी सत्यापन, 'व्हेरिफिकेशन'. कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीतले आणि कोणते ऐकून खरे मानलेले, हे क्रमांकांनी लिहायचे. "वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा" असे एकच वाक्य लिहिले की उलटतपासणीत पहिला प्रश्न तयार: "आजोबांच्या काळातले व्यवहार तुमच्या स्वतःच्या माहितीतले आहेत का?" कैफियत इंग्रजीत असणार. सहीपूर्वी वकिलाकडून ती मराठीत किंवा कोंकणीत वाक्यावाक्याने समजावून घ्या.

ज्या कागदांवर भिस्त आहे ते सगळे कैफियतीबरोबर द्या. हाताशी नसतील तर कोणाकडे आहेत ते यादीत लिहा. नंतर देताना परवानगी लागते. जुनी पोर्तुगीज नोंद, देस्क्रिसांव किंवा इन्स्क्रिसांव, वापरणार असाल तर भाषांतराचे काम पहिल्याच आठवड्यात लावा. तिथेच महिना निघून जातो. आणि एक-चौदावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली, असे गृहीत धरू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम 105 प्रमाणे ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर मानतात, इतकेच. घरपट्टीची पावती तर त्याहून हलकी.

कायदेशीर आक्षेप आणि त्यांच्या वेळा

वस्तुस्थिती नाकारणे हा एक भाग. दावा असा चालूच शकत नाही, हे म्हणणे दुसरा. त्याला प्राथमिक आक्षेप, 'प्रिलिमिनरी ऑब्जेक्शन' म्हणतात. कैफियतीच्या सुरुवातीला ते येतात. छापील नमुन्यासारखे सगळेच आक्षेप ओतण्याची पद्धत पडली आहे, ती वाईट. लागू असतील तेच घ्या आणि कारण लिहा.

मुदतबाह्य दावा. साधारणतः पैशाच्या वसुलीला तीन वर्षे, मालकी जाहीर करून मागण्याला हक्क पहिल्यांदा नाकारला गेल्यापासून तीन वर्षे, मालकीच्या आधारे ताबा मागण्याला बारा वर्षे. हा आक्षेप घेतला नाही तरी दावा मुदतीत आहे की नाही हे कोर्टाने स्वतः पाहायचे असते. तरीही वादपत्रातली कोणती तारीख ती मुदत संपवते, ते दाखवून द्या. कर्जाच्या दाव्यात एक काळजी: मुदत संपण्यापूर्वी तुम्ही "देणे आहे, देतो" असे लिहून सही केली असेल तर मुदत तिथून पुन्हा नव्याने सुरू होते.

आवश्यक पक्षकार नाही, 'नॉन-जॉइंडर'. गोव्यातल्या मालमत्तेच्या दाव्यांत हा आक्षेप खरोखर कामाचा आहे. समाईक जमीन, इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) अजून झालेली नाही, एका भावाची पत्नी दाव्यात नाही किंवा आखातातली बहीण वगळली आहे. मुद्दे, म्हणजे कोर्ट निकालासाठी ठरवते ते वादाचे प्रश्न ('इश्यूज'), निघण्यापूर्वी हा आक्षेप घेतला नाही तर तो सोडून दिला असे समजतात. गाळलेल्या माणसाचे नाव आणि नाते लिहा. नुसते "आवश्यक पक्षकार जोडलेले नाहीत" या वाक्यावर कोर्ट काही करत नाही.

अधिकारक्षेत्र. दावा चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या मूल्यांकनाने घातला असेल तर तोही आक्षेप मुद्दे ठरण्यापूर्वीच. इथे जिंकलात तरी दावा मरतोच असे नाही. वादपत्र योग्य कोर्टात नेण्यासाठी परत दिले जाते.

प्राङ्न्याय, 'रेस ज्युडिकाटा': त्याच पक्षकारांत तोच प्रश्न आधी निकाली निघालेला असणे. आधीचा दावा अजून चालू असेल तर मागायची ती स्थगिती, आणि ती कलम 10 खाली. या दोन शब्दांची अदलाबदल फार होते.

लवादाचे कलम. बिल्डरबरोबरच्या किंवा भागीदारीच्या करारात लवादाची तरतूद असेल तर तसा अर्ज कैफियतीपूर्वी किंवा फार तर तिच्याबरोबर करायचा. आधी दाव्यातल्या मूळ वादावर उत्तर दिले की ते दार बंद होते.

वादपत्र नामंजुरीचा अर्ज. कोर्टात याला नुसते 'सेव्हन इलेव्हन' म्हणतात, कारण तो आदेश 7 च्या नियम 11 मध्ये आहे. वादपत्र जसे आहे तसे खरे धरले तरी दाव्याचे कारणच निघत नसेल किंवा कायद्याने दाव्याला बंदी असेल, तरच तो मंजूर होतो. तुमचे उतारे, तुमची पावती, तुमची बाजू यातले काहीही कोर्ट या टप्प्यावर बघत नाही. त्यामुळे "वादी खोटे बोलतो" या कारणासाठी हा अर्ज करणे म्हणजे कागद आणि वेळ वाया. शिवाय अर्ज पडून आहे म्हणून कैफियतीचे घड्याळ थांबत नाही. अर्जावर भरवसा ठेवून 90 दिवस घालवलेला प्रतिवादी दोन्हीकडून अडकतो.

मुंडकार, प्रतिकूल ताबा: बचाव एकमेकांना खातात

भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, घराबाबत दावा घातला की प्रतिवादीकडून तीन वाक्ये एका दमात येतात: घर आमचेच, बारा वर्षांहून जास्त ताबा आहे म्हणून मालक आम्ही, आणि आम्ही मुंडकार आहोत. तिन्ही एकत्र लिहिली की वादीच्या वकिलाचे काम हलके होते.

प्रतिकूल ताबा, 'अॅडव्हर्स पझेशन', म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जागा त्याच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, सलग बारा वर्षे धरून ठेवणे. हा शब्द वापरला की मूळ मालक समोरचा होता, हे तुम्ही गृहीत धरलेच. ताबा कधीपासून विरोधी झाला, ती तारीखही द्यावी लागते. "पूर्वापार" चालत नाही. मुंडकार मात्र भाटकाराच्या संमतीने राहणारा. संमती असेल तर ताबा विरोधी नाही आणि ताबा विरोधी असेल तर मुंडकारपण नाही. पर्यायी बचाव घेता येतो, पण एकाच कालखंडाबद्दल दोन्ही गोष्टी शपथेवर खऱ्या कशा, याचे उत्तर साक्षीत द्यावे लागते. बहुतेकांना देता येत नाही.

खरोखर मुंडकार असाल तर तोच बचाव पुढे ठेवा. 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याखाली मुंडकार आहे की नाही, हे ठरवणे मामलेदाराचे काम. दिवाणी दाव्यात तो प्रश्न निघाला की कोर्टाने तेवढा मुद्दा मामलेदाराकडे पाठवायचा असतो. त्यासाठी तो कैफियतीत स्पष्ट घेतलेला हवा: घर कोणते, केव्हापासून, कोणत्या भाटकाराच्या संमतीने, नोंदणी झाली असल्यास तिचा क्रमांक. मुद्दे काढताना "प्रतिवादी मुंडकार असल्याचे सिद्ध करतो का" हा मुद्दा नोंदला गेला की नाही, ते त्या तारखेला कोर्टात उभे राहून बघा.

प्रतिदावा

कैफियत दावा अडवते, तुम्हाला काही मिळवून देत नाही. शेजाऱ्यानेच तुमच्या हद्दीत दीड मीटर घुसून भिंत घातली असेल तर दावा फेटाळला गेला तरी भिंत तिथेच राहील. ती काढायला प्रतिदावा, 'काउंटर क्लेम' हवा. तो कैफियतीतच, वेगळ्या मथळ्याखाली, मूल्यांकन करून आणि कोर्ट फी भरून करायचा. प्रतिदाव्याचे कारण कैफियत देण्यापूर्वी किंवा तिची मुदत संपण्यापूर्वी घडलेले असावे. मुद्दे निघाल्यावर प्रतिदावा सहसा घेत नाहीत. वादीने स्वतःचा दावा काढून घेतला तरी प्रतिदावा चालू राहतो, ही त्याची खरी ताकद. पैशाच्या दाव्यात वादीकडून ठरलेली रक्कम येणे असेल तर वजावट, म्हणजे 'सेट-ऑफ' मागता येते.

दावा अजून आलेलाच नसेल तर: कॅव्हेट

बांधकाम सुरू करायचे आहे, शेजारी कोर्टाची भाषा करतो आहे. अशा वेळी कलम 148अ खाली कॅव्हेट घालतात. त्याचा अर्थ एवढाच की मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. ते दावा थांबवत नाही, मनाई थांबवत नाही आणि तुमची बाजूही मांडत नाही. त्याचे आयुष्य 90 दिवस, नंतर नव्याने घालायचे. ज्याच्याविरुद्ध घातले त्याला पोचपावतीच्या टपालाने प्रत पाठवायची आणि पावती जपायची.

कॅव्हेट फुकट जाण्याची दोन कारणे ठरलेली. एक, शेजाऱ्याचे नाव घातले आणि दावा आला त्याच्या पत्नीच्या नावाने. घरातल्या सर्व सहमालकांची नावे घाला. दोन, कॅव्हेट कनिष्ठ विभागात आणि दावा वरिष्ठ विभागात. दोन्हीकडे घाला.

तारीख हुकली तर

काय हुकले त्यावर उपाय ठरतो. कैफियत दिली नाही म्हणून 'नो डब्ल्यूएस' आदेश झाला असेल तर तो रद्द करून कैफियत घेण्याचा अर्ज करायचा, तयार कैफियत जोडूनच. तो फेटाळला गेला तरी वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. आपली कथा मांडता येणार नाही, त्याची मात्र फोडता येते.

हजर न राहिल्याने दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश झाला असेल, पण निकाल लागलेला नसेल, तर आदेश 9 च्या नियम 7 खाली सबळ कारण देऊन तो मागे घ्यायला सांगायचे. कारण पटले नाही तरी दावा ज्या टप्प्यावर आहे तिथून पुढे भाग घेता येतो. "एकतर्फी झाले, आता काय उपयोग" म्हणून घरी बसणे ही सर्वांत वाईट निवड.

हुकूमनामाच झाला असेल तर नियम 13. दोनच कारणे चालतात: समन्स रीतसर बजावलेच नव्हते, किंवा सुनावणीला न येण्यास पुरेसे कारण होते. मुदत हुकूमनाम्यापासून 30 दिवस. समन्स रीतसर बजावले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवस. ती माहिती कोणत्या दिवशी आणि कशी मिळाली, हे शपथपत्रात नेमके लिहा. तलाठ्याकडून कळले, बेलिफ ताबा घ्यायला आला तेव्हा कळले, जे असेल ते. बजावणीत किरकोळ त्रुटी होती, पण दाव्याची तारीख तुम्हाला वेळेत माहीत होती असे निघाले, तर या नियमाचा आधार मिळत नाही.

निकाल दोन्ही बाजू ऐकून विरुद्ध गेला असेल तर नियम 13 नव्हे, अपील. जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात थेट जाणारे असेल तर 90. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी लागलेले दिवस यातून वजा होतात, म्हणून प्रतीचा अर्ज निकालाच्या दिवशीच करा. आणि अपील दाखल केले म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. तिच्यासाठी स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. अर्जाबरोबर समन्स आणि वादपत्राची प्रत जोडा, आणि समन्स मिळाल्याची तारीख वर ठळक लिहा, कारण नेमलेल्या वकिलाचे दिवसही त्याच तारखेपासून मोजले जातात.